टर्बोचा चर आणि गंगापूरच्या हरकती

कॉव्हेंट्री, इंग्लंड

ती. आबा आणि ती. सौ. आई,

पत्रास कारण की, आमच्या जुन्या गाडीच्या टर्बोचा ऑइल रिटर्न पाइप बदलायचं ठरल्याची बातमी गंगापूरला पोचली आणि तिकडून हरकतींचा असा पाऊस लागला की तो मृगात पडला असता तर तालुक्याच्या पेरण्या वेळेवर झाल्या असत्या. आबा, तुमचा प्रश्न असा की हातभर पाइपासाठी अख्खा टर्बो उतरवायचा, हा हिशेब कोणत्या शाळेत शिकवतात. नानाकाकांचं म्हणणं, त्यांच्या ट्रॅक्टरच्या पाइपाला एमसील थापलं आहे आणि ट्रॅक्टर मजेत चालतो आहे. आईचं म्हणणं, जिच्या मागच्या सीटवर पाहुणा बसत नाही, फक्त पाहुण्याची पिशवी बसते, ती गाडी ठेवायचीच कशाला. तुमचे जावई सासूबाईंच्या बाजूला गेले आहेत. ते सॉफ्टवेअरवाले, त्यांच्या धंद्यात बंद करून पुन्हा सुरू केलं की बरंचसं आपोआप बरं होतं. फोनवर या सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, कारण फोनवर नानाकाका फक्त बोलतात. म्हणून हे पत्र. माझं म्हणणं एवढंच आहे: टर्बोला तेल पोचवणं सोपं, त्यातून ते परत काढणं अवघड. तेव्हा जुन्या गाडीचा टर्बो तेल फेकू लागला तर टर्बोवर ठपका ठेवण्याआधी तेलाच्या परतीच्या वाटेची झडती घ्यावी, आणि ती वाट गाडीइतकीच जुनी असेल तर डागडुजी न करता बदलून टाकावी.

आधी आरोपीची ओळख. गाडी पोर्शे ९४४ टर्बो. ही १९८५ मध्ये बाजारात आली आणि १९९१ पर्यंत बनत राहिली. चार सिलिंडरचं अडीच लिटरचं इंजिन, त्यातून २२० अश्वशक्ती. काकांच्या ट्रॅक्टरच्या चौपट ताकद असून नांगरट शून्य, हा आईचा टोला मी आधीच मान्य करून टाकते. ही एवढी ताकद टर्बोमुळे. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एक चक्र फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. जादा हवा मिळाली की जादा पेट्रोल जाळता येतं. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी याचं पेटंट १९०५ मध्ये घेतलं. चक्र, दांडा, चक्र, हीच रचना जेट विमानाच्या इंजिनाच्याही पोटात असते, आणि ते इंजिन घडवणारे फ्रँक व्हिटल आमच्या या कॉव्हेंट्रीचेच, जन्म १९०७ चा. त्यामुळे टर्बोविषयी वाद घालायला याहून योग्य गाव शोधून सापडणार नाही. आता मुद्द्याची गोष्ट. हा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि त्याचं एक टोक ९०० अंशांच्या धुरात असतं. या गाडीच्या टर्बोत तो कुठल्याही छर्‍यांवर टेकलेला नाही. बेअरिंग आणि दांडा यांच्यामध्ये तेलाचा केसाहून पातळ थर असतो, त्यावर तो तरंगतो. हे तेल वंगणाचं काम करतं आणि उष्णताही वाहून नेतं, म्हणून ते एकदा घालून भागत नाही. गाडी चालू आहे तोवर ते सतत यायला हवं आणि सतत जायलाही हवं.

येण्याची चिंता नाही. इंजिनाचा पंप तेल ढकलत असतो. गाडी रस्त्यावर पळत असताना हा दाब ४ बार धरा. एवढ्या दाबानं तेल बारीक नळीतून वर चढतं, वळसे घेतं, अडचणीतून वाट काढतं. पण बेअरिंगच्या फटीतून एकदा बाहेर पडलं की त्याचा दाब संपला. तिथून खाली इंजिनाच्या चेंबरपर्यंत, म्हणजे तळाच्या तेलाच्या टाकीपर्यंत, त्याला कोणी ढकलत नाही. ते उतरतं ते केवळ स्वतःच्या वजनानं. टर्बो आणि चेंबर यांच्यात २० सेंटिमीटरचा उतार आहे असं समजू. तेवढ्या उंचीच्या तेलाच्या स्तंभाचा दाब भरतो साधारण ०.०१७ बार. म्हणजे आत यायला जितका जोर, त्याच्या सव्वादोनशेव्या हिश्शाहून कमी जोरावर तितकंच तेल बाहेर पडायचं आहे. आबा, हा प्रकार तुम्हाला मी समजावणं म्हणजे आगाऊपणा. नांदूर मधमेश्वरच्या जलद कालव्याचं पाणी वैजापूर-गंगापूरकडे सुटलं की सगळ्यांचे डोळे पाटाकडे लागतात. बांधाकडेचा चर बुजला आहे की उघडा, हे बघायला कोणी जात नाही. भारी काळ्या रानात पाणी देत राहिलं आणि निचरा झाला नाही की रान चिबडतं, आणि चिबडलेल्या रानातला ऊस पिवळा पडला म्हणून कोणी बेण्याला शिव्या देत नाही. देतात म्हणा काही जण. टर्बोच्या बाबतीत बहुतेक गॅरेजवाले हेच करतात.

कारण टर्बो चिबडला की लक्षणं दिसतात ती टर्बोचीच. दांड्याच्या दोन्ही टोकांना सील असते, पण ती रबराची घट्ट सील नव्हे. लाखाच्या वर फेरे आणि असली उष्णता रबराला सोसत नाही. तिथं पिस्टनच्या रिंगेसारखी धातूची बारीक कडी असते. आतलं तेल सुरळीत खाली जात आहे आणि बाहेरून हवेचा व धुराचा दाब आहे, या दोन गोष्टी गृहीत धरून ती कडी काम करते. परतीची वाट तुंबली, आतल्या पोकळीत तेल साचलं, की ती कडी हतबल. एका टोकानं तेल एक्झॉस्टमध्ये उतरतं आणि गाडी सिग्नलला उभी असताना मागून निळा धूर निघतो. दुसर्‍या टोकानं ते हवेच्या पाइपात जातं आणि दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर आतून तुपकट होतो. गॅरेजात निदान ठरलेलं: टर्बो गेला, नवा टाका. नवा टर्बो टाकतात, जुन्या तुंबलेल्या पाइपाला जोडतात, आणि नवाही धूर सोडू लागतो. मग टर्बोची कंपनी चोर ठरते. म्हणून तर टर्बो बनवणारे सांगून थकले आहेत की आधी परतीचा पाइप तपासा. गॅरेट कंपनीच्या सूचनेप्रमाणे हा पाइप उभ्या रेषेपासून ३५ अंशांच्या आत खाली उतरला पाहिजे, आणि चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वर उघडला पाहिजे. म्हणजे आडवा नको, मध्ये लोंबता खळगा नको, आणि तोंड तेलात बुडालेलं तर मुळीच नको.

इथं सर्वांत वजनदार हरकत आबांची: पाइप मोडलेला नाही, तेल थोडं पाझरतंय इतकंच, मग नवा कशाला? याला उत्तर एका गणितात आहे. नळीतून तेलासारखा द्रव संथ वाहतो तेव्हा किती वाहील हे व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतं. व्यास चौपट केला तर प्रवाह २५६ पट. म्हणूनच आत येणारी नळी बॉलपेनाच्या रिफिलीएवढी चालते आणि परतीचा पाइप अंगठ्याएवढा लागतो. आता हाच नियम उलटा लावा. समजा पाइपाचा आतला व्यास १६ मिलिमीटर आहे आणि वर्षानुवर्षं जळलेल्या तेलाची काजळी आतून सगळीकडे फक्त २ मिलिमीटर जाडीनं चिकटली. व्यास उरला १२. डोळ्यांना पाइप तीन-चतुर्थांश उघडा दिसतो, पण प्रवाह उरतो एक-तृतीयांशाहून कमी. त्यात हे तेल शांतपणे वाहणारं नसतंच. एवढ्या वेगानं घुसळून निघालेलं, हवा मिसळलेलं, फेसाळ तेल असतं, त्याला जागा आणखी लागते. काजळी साचते ती गाडी बंद केल्यावर. इंजिन थांबलं की तेलाचा पुरवठाही थांबतो, पण टर्बोचं तापलेलं अंग लगेच निवत नाही, आणि आत उरलेलं तेल तिथंच करपतं. पोर्शेवाल्यांना हे ठाऊक होतं. त्यांनी या गाडीच्या टर्बोभोवती पाणी खेळवलं आणि इंजिन बंद झाल्यावरही ते पाणी फिरवत ठेवणारा वेगळा विजेचा पंप बसवला. तरी पस्तीस-चाळीस वर्षं म्हणजे पस्तीस-चाळीस वर्षं. शिवाय रबराचं वय असतंच. साध्या ऑइल होजचं नायट्राइल रबर १०० अंशांच्या आसपास वर्षानुवर्षं राहिलं की लवचीकपणा गमावून कडक होतं, आणि कडक झालेलं रबर क्लिप कितीही आवळली तरी तोंडाशी बसत नाही. तेव्हा बाहेर जो पाझर दिसतो तो पाइपाच्या वयाचा दाखला आहे. आत काय साचलं आहे ते त्यावर लिहिलेलं नसतं.

नानाकाकांचं एमसील याच कसोटीवर नापास होतं. एमसील बाहेरून लावतात, आडकाठी आतून असते. पण काकांची बाजूही न्यायानं मांडली पाहिजे, नाहीतर ते हे पत्र चौकात मोठ्यानं वाचून दाखवतील. ट्रॅक्टरला ते चालतं हे खरं आहे, आणि त्याची कारणंही आहेत. डिझेलचा धूर टर्बोत शिरताना साधारणपणे ७०० अंशांच्या आत असतो, पेट्रोलचा ९०० च्या पुढं जातो. ट्रॅक्टरचा टर्बो उघड्या वार्‍यावर बसलेला, त्याचा पाइप सरळ खाली उतरणारा, आणि बदलायचा म्हटला तर दोन पाने आणि चहाचा एक कप एवढंच भांडवल. आमच्या गाडीत टर्बो इंजिनाच्या एका कुशीला, इनटेकच्या खाली कोंबला आहे, धूर निघतो दुसर्‍या कुशीला, आणि तो धूर वळसा घालून पाइपानं टर्बोपर्यंत आणला आहे. जर्मन माणसानं इतकी अडचणीची जागा निवडली म्हणजे तीत काहीतरी शिस्त असणार, असं म्हणून सोडून द्यावं. मात्र त्या कोंदट जागेत गळलेला थेंब तापलेल्या एक्झॉस्टवर पडला तर आधी धुरावतो आणि पुरेसा तापला तर पेटतो. शेतात ट्रॅक्टर पेटला तर माणूस उडी मारतो. मोटरवेवर बॉनेटखाली पेटलेली गाडी प्रथम दिसते ती मागच्या गाडीवाल्याला. इथल्या वार्षिक तपासणीतही, ज्याला एमओटी म्हणतात, तेलगळतीचं माप ठरलेलं आहे: पाच मिनिटांत ७५ मिलिमीटरहून मोठं थारोळं जमिनीवर साचलं तर गाडी नापास. चहाच्या बशीच्या निम्म्याएवढं थारोळं पट्टीनं मोजणार्‍या देशात एमसील घेऊन जाणं बरं दिसत नाही.

यानंतर गावच्या मेस्त्रींचा सल्ला, जो काकांनी स्वतःचा म्हणून सांगितला: तेल जाड घाला, गळायचं थांबेल. गळती मंदावेल, हे कबूल. पण निचराही मंदावेल. द्रव जितका घट्ट तितका तो उतारावर सावकाश उतरतो. दुप्पट घट्ट तेल, निम्मा निचरा. जोर आधीच ०.०१७ बारचा, त्यात तेल घट्ट, त्यात कॉव्हेंट्रीची जानेवारीतली सकाळ. मेस्त्रींचा पर्यायी सल्ला, येणार्‍या नळीतच अडथळा घालून तेल कमी करा, हा छर्‍यांच्या बेअरिंगवरच्या टर्बोला लागू पडतो, त्यांना तसा अडथळा मुद्दाम घालतातच. तेलावर तरंगणार्‍या दांड्याला मात्र तेल कमी करणं म्हणजे चर बुजला म्हणून उसाचं पाणीच तोडणं. मेस्त्रींवर माझा राग नाही. त्यांचा हात ज्या इंजिनांवर बसला आहे त्यांत हे उपाय पुष्कळदा लागू पडत असतील.

तुमच्या नातवाची सूचना अशी की निळ्या रंगाचा चकचकीत सिलिकॉनचा पाइप घ्यावा. रंगाबद्दल माझी हरकत नाही, सिलिकॉनबद्दल आहे. साधं सिलिकॉन उष्णता सोसतं, पण तापलेलं तेल त्यात मुरतं. पाइप फुगतो, घाम आल्यासारखा बाहेरून ओला होतो आणि शेवटी मऊ पडतो. पाण्याला आणि हवेला तो उत्तम. तेलाला हवा आतून फ्लुओरो रबराचं अस्तर असलेला, जो २०० अंशांच्या आसपास निभावतो. नातवाला हे कळवलं तेव्हा त्यानं विचारलं की असा निळ्या रंगात मिळतो का. हा मुलगा वकील होईल.

आता ती हरकत, जी कोणीच घेतली नाही आणि घ्यायला हवी होती. नवा पाइप घातला आणि तरीही धूर राहिला तर? असं होऊ शकतं, आणि त्याचं कारणही त्याच छोट्या आकड्यात आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की सिलिंडरमधला थोडा वायू चेंबरमध्ये उतरतो. तो बाहेर जाण्यासाठी ब्रीदरची नळी असते. ती तुंबली तर चेंबरमध्ये दाब साचतो, आणि तेलाला खाली आणणारा सगळा जोर ०.०१७ बारचाच असल्यानं तेवढाच उलटा दाब तो संपवायला पुरतो. याहून जास्त दाब माणूस तोंडानं सहज फुंकतो. म्हणजे पाइप कोराकरकरीत, अंगठ्याएवढा उघडा, आणि तेल जागच्या जागी. यावर कोणी म्हणेल, मग तुझा सगळा वाद पडला, दोष पाइपाचा नव्हताच. नाही पडला. मी सुरुवातीपासून परतीच्या वाटेबद्दल बोलते आहे, आणि ती वाट पाइपाशी संपत नाही. पाइप ज्यात रिकामा होतो त्या चेंबरला श्वास घेता येतो का, हे त्याच झडतीत येतं. त्यामुळे यादीत ब्रीदरची सफाईही आहे. हे सगळं निर्मळ असूनही धूर आला, दांडा हातानं हलवून डुगडुगला, तर मात्र टर्बोच गेला म्हणायचं, आणि मीच पहिली म्हणेन. पण तो निकाल शेवटी, पंचनामा झाल्यावर.

आबांचा हिशेबाचा मुद्दा उरतो, आणि त्यात तथ्य आहे: माल किरकोळ, मजुरी डोंगराएवढी. इथं मेकॅनिकचा तास आणि डॉक्टरचा तास यांत फारसा फरक नसतो, फक्त मेकॅनिक लवकर भेटतो. पण आबा, मजुरी डोंगराएवढी आहे म्हणूनच तर पाइप धुऊन परत बसवायचा नाही. टर्बो उतरवायला जे लागायचं ते लागणारच. तो खाली आल्यावर जुना पाइप पुन्हा चढवून चार पैसे वाचवणं म्हणजे तोच डोंगर दुसर्‍यांदा चढण्याची नोंदणी करून ठेवणं. त्याच उघड्या जागेत पाइप नवा, दोन्ही बाजूंचं पॅकिंग नवं, क्लिपा नव्या, येणार्‍या नळीचे तांब्याचे वायसरही नवे. पॅकिंगच्या जागी ट्यूबमधली चिकट पेस्ट पिळायची नाही. तिचा बाहेर आलेला ओघळ बाहेर दिसतो, आत गेलेला दिसत नाही, आणि तो तुटून नेमका त्या वाटेत अडकतो जिच्यासाठी हा सगळा खटाटोप.

आईचा विक्रीचा ठराव मी फेटाळत नाही, पुढं ढकलते. विजेच्या गाडीला टर्बो नाही, परतीचा पाइपही नाही, हे तुमचे जावई दर जेवणाला सांगतात आणि ते खरं आहे. पण निळा धूर सोडणारी गाडी विकायला काढली तर घेणारा टर्बोच्या किमतीएवढी कपात मागणार, पाइपाच्या नव्हे. म्हणजे विकायची असली तरी आधी पाइप. शिवाय हा फक्त परदेशी लाड आहे असंही समजू नका. आपल्या शेंद्र्याला ज्या स्कोडा ऑक्टाव्हिया जुळवल्या जात, त्यांचीच आरएस ही टर्बो पेट्रोल गाडी २००४ मध्ये भारतात विकायला आली. त्यातल्या ज्या अजून चालतात त्यांच्याही पाइपांना आता वीस वर्षं उलटून गेली. जालना रोडला एखादी मागून निळी होताना दिसली तर नानाकाकांनी खिडकीतून ओरडून सांगायला हरकत नाही. त्यांना तेवढं निमित्त पुरतं.

राहता राहिला काकांचा शेवटचा प्रस्ताव, की इंग्लंडातून कशाला घेतेस, वाळूजला पाइप करून पाठवतो. हा मला पत्रातला सर्वांत शहाणा वाटला. वाळूज आपल्याच तालुक्यातलं, बजाजचा कारखाना तिथं १९८५ पासून आहे, म्हणजे ही गाडी आणि तो कारखाना एका वयाचे. आजूबाजूच्या शेडांत असल्या नळ्या वाकवणारी माणसं नक्की सापडतील. मापं वेगळ्या कागदावर जोडली आहेत. वाक दिला आहे तितकाच द्यावा, सोयीसाठी आडवा करू नये. रबर आतून फ्लुओरोचं. आतला व्यास कुठंही कमी होता कामा नये, वाकाच्या जागी तर नाहीच. आणि आई, पार्सलात जागा वाया जाते म्हणून पाइपाच्या आत येसराची पुडी सारू नकोस, ती वेगळी बांध.

तुमची,
थोरली